औषध मातीतलं, उताराही मातीतलाच

मागच्या पावसाळ्यात घसा धरला तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी तीन दिवसांत लागू पडली होती. यंदा तोच घसा आणि तीच गोळी, पण पाचवा दिवस उजाडला तरी ताप हटायचं नाव घेत नाही. मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून आपण म्हणतो, "शरीराला सवय झाली हो या गोळीची, जरा हेवी द्या काहीतरी." काउंटरमागचा माणूस मान डोलावतो आणि वरच्या खणातली पट्टी काढतो.

या एवढ्याशा संवादात दोन घोटाळे आहेत. पहिला तसा साधा. घशाची बहुतेक दुखणी विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही. मागच्या वर्षीचा घसा गोळी न घेताही बहुधा तेवढ्याच दिवसांत बरा झाला असता. श्रेय मात्र गोळीनं लाटलं.

दुसरा घोटाळा जास्त खोल आहे. सवय आपल्या शरीराला होतच नाही. ज्यानं जन्मात एकही अँटिबायोटिक घेतलेलं नाही, अशा माणसालाही औषधाला न जुमानणारा जंतू गाठू शकतो. दोन दिवसांच्या बाळालाही गाठतो, आणि नवजात बालकांच्या कक्षात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला याचा अनुभव असतो. बदललेला असतो तो जंतू. तो कसा बदलतो हे कळायचं असेल तर आधी औषध त्याचं नेमकं काय बिघडवतं ते पाहावं लागेल.

जाळ्याची गाठ

पेनिसिलिनपासून सुरुवात करू. जिवाणू म्हणजे एका पेशीचा जीव. त्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. तरी तो फुटत नाही, कारण त्याच्याभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांची भिंत असते. या साखळ्या प्रथिनांच्या आखूड दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखी ही रचना आहे: लांब दोरे, आणि ठिकठिकाणी गाठी.

आता अडचण अशी की जिवाणूला वाढायचं असतं. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. अंगाला घट्ट बसलेलं जाळं मोठं करायचं तर जुन्या काही गाठी सोडायच्या, मध्ये नवे दोरे घालायचे आणि पुन्हा गाठी मारायच्या. गाठी सोडणारी विकरं वेगळी आणि मारणारी वेगळी. (विकर म्हणजे पेशीतलं एखादं रासायनिक काम घडवून आणणारं प्रथिन, त्यालाच एन्झाइम म्हणतात.) पेनिसिलिनचा रेणू दिसायला गाठ मारायच्या टोकासारखाच असतो. गाठ मारणारं विकर त्याला खरं टोक समजून धरतं आणि कायमचं अडकून बसतं. गाठी सोडणाऱ्यांचं काम मात्र चालूच राहतं. जाळं उसवत जातं आणि आतल्या दाबानं जिवाणू फुटतो.

आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिन आपल्याला एवढं निर्धोक. ॲलर्जीचा प्रश्न वेगळा. विषाणूलाही अशी भिंत नाही, म्हणून सर्दीवर ते निरुपयोगी.

बाकीची अँटिबायोटिक्सही अशीच जिवाणूतला एखादा असा भाग हेरतात, जो आपल्यात नसतो किंवा निराळा असतो. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन ही रायबोसोमवर बसतात. पेशीत प्रथिनं जिथं तयार होतात ती जागा म्हणजे रायबोसोम, आणि जिवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचा असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकरांना अडवतं. अशा मोक्याच्या जागा मोजक्याच आहेत, हे लक्षात असू द्या. नवी औषधं मिळेनाशी का झाली, त्याच्या कारणांतलं हे एक.

चिमूटभर माती

पेनिसिलिन १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात फ्लेमिंग यांना बुरशीत सापडलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातली. त्यापुढची कमी सांगितली जाते. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते शुद्ध केलं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला टोचलं. त्याच्या अंगात पू झाला होता आणि तो मरणाच्या दारात होता. चार-पाच दिवसांत तो उठून बसण्याइतका सुधारला. मग औषध संपलं. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन गाळून परत त्यालाच दिलं, तेही संपलं आणि मार्चमध्ये तो गेला. औषधाचा गुण सिद्ध झाला होता, पण एका माणसाला पुरेल एवढंही औषध जगात नव्हतं.

त्यानंतर शोधकांची नजर मातीकडे वळली. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला टीबीच्या जंतूला मारणारं पहिलं औषध मिळालं, ते म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. ते बनवणाऱ्या जिवाणूचे दोन वाण त्याच्या हाती लागले होते. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून आणि दुसरा एका कोंबडीच्या घशातून! मग औषध कंपन्यांनी जगभरातून मातीच्या पुड्या गोळा करायचा सपाटाच लावला. क्लोरॅम्फेनिकॉल व्हेनेझुएलाच्या मातीतून आलं, एरिथ्रोमायसिन फिलिपिन्सच्या आणि व्हॅन्कोमायसिन बोर्निओच्या. सेफॅलोस्पोरिनचं मूळ सार्डिनिया बेटावर सांडपाण्याच्या तोंडाशी सापडलं. पहिलं टेट्रासायक्लिन, ऑरिओमायसिन, अमेरिकेतल्या मिझुरीच्या एका शेतातून मिळालं. ते शोधणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

या यादीत आपली पिंपरीही आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये तिथं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बनवू लागली. पिंपरीकर तिला नुसतं 'एचए' म्हणतात. ही कंपनी परदेशी कृतीवर पेनिसिलिन करून थांबली नाही. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक जिवाणू वेगळा केला. त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्याच्यापासून मिळालेल्या बुरशीनाशक औषधाचं नाव कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन. एका गावाचं नाव जंतूला आणि कंपनीचं औषधाला, असा योग विरळाच. आज पिंपरी मेट्रोतून उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पुड्या जगभरच्या असल्या तरी त्यांतून निघालेले जिवाणू बरेचदा एकाच कुळातले होते, स्ट्रेप्टोमायसिस. तुम्हाला ते नाकानं ओळखीचे आहेत. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, त्यातला मोठा वाटा या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन या रसायनाचा असतो. हे जिवाणू अँटिबायोटिक बनवतात ते शेजाऱ्यांना मारण्यासाठी, की फार थोड्या प्रमाणात एकमेकांना निरोप देण्यासाठी, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. कारण काहीही असो, ते बनवतात हे खरं.

स्वतःच्या विषापासून बचाव

इथं एक प्रश्न विचारायला हवा. जिवाणूंना मारणारं रसायन बनवणारा स्वतः जिवाणूच आहे. मग तो कसा मरत नाही?

एरिथ्रोमायसिनचं उदाहरण घेऊ. हे औषध जिवाणूच्या रायबोसोमवर एका ठरावीक जागी बसतं आणि तयार होणाऱ्या प्रथिनाची वाट अडवतं. ते बनवणारा जिवाणू आपल्या रायबोसोमवर नेमक्या त्याच जागी एक छोटा रासायनिक गट आधीच चिकटवून ठेवतो. तेवढ्यानं औषधाला बसायला जागाच उरत नाही, आणि रायबोसोमचं काम मात्र चालू राहतं. हे चिकटवणारं विकर कसं बनवायचं, याची कृती त्याच्या एका जनुकात लिहिलेली असते. रुग्णालयात एरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू तपासले, तेव्हा त्यांच्यातही त्याच जागी तसाच गट चिकटवणारं, त्याच घराण्यातलं जनुक सापडलं.

म्हणजे औषध ज्या मातीतून आलं, तिच्यातच त्याचा उताराही होता. आपण पुडी उघडून औषध घेतलं. उतारा मातीत राहिला आणि त्याला दवाखान्यापर्यंत पोहोचायला थोडी वर्षं लागली, एवढंच.

हे एखाद-दुसरं उदाहरण नाही. २००६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मातीतले ४८० जिवाणू घेऊन २१ अँटिबायोटिक्सवर तपासले. प्रत्येक जिवाणू सरासरी सात-आठ औषधांना दाद देत नव्हता, आणि ही माती काही रुग्णालयाच्या मागची नव्हती. २०११ मध्ये त्याच गटानं कायम गोठलेल्या जमिनीतून ३०,००० वर्षांपूर्वीचा डीएनए काढला. त्यातही पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांना, टेट्रासायक्लिनला आणि व्हॅन्कोमायसिनला निकामी करणारी जनुकं होती. तेव्हा माणूस दगडी हत्यारं घडवत होता. पेनिसिलिन फोडणारं विकर तर चेन आणि अब्राहम यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं, अल्बर्ट अलेक्झांडरला पहिली सुई टोचायच्या आधी.

म्हणून "औषधांच्या अतिवापरामुळे प्रतिकार निर्माण झाला" हे नेहमीचं वाक्य मला अर्धवट वाटतं. प्रतिकार होताच. आपण त्याला निवडून काढलं, वाढवलं आणि सगळीकडे पोहोचवलं.

दहा कोटींत एक

निवडून काढणं म्हणजे काय, हे टीबीइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठं दिसत नाही. टीबीचा जंतू उसनी जनुकं घेत नाही. त्याचा प्रतिकार त्याच्याच डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुकांतून येतो. या चुका कुठेही होतात आणि बहुतेक निरर्थक असतात. पण साधारण दहा लाख जंतूंमागे एकात अशी चूक असते, की त्याला आयसोनियाझिड लागू पडत नाही. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण साधारण दहा कोटींत एक.

आता टीबीनं फुप्फुसात पडलेला खड्डा डोळ्यासमोर आणा. त्यात दहा कोटींच्या घरात जंतू असतात. रुग्णानं अजून एकही गोळी घेतलेली नाही, तरी त्यांतले शंभरएक आयसोनियाझिडला आणि एखादा रिफॅम्पिसिनला आधीच पुरून उरणारा आहे. नुसतं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे सगळे मरतात, रुग्णाला बरं वाटतं, वजन वाढतं. त्या शंभरांना मात्र मोकळं रान मिळतं. काही महिन्यांत खड्डा पुन्हा भरतो, आणि या वेळी फक्त त्यांच्या वंशजांनी.

दोन्ही औषधं एकदम दिली तर? दोन्ही चुका एकाच जंतूत असण्याची शक्यता शंभर लाख कोटींत एक. एवढे जंतू कोणाच्याच फुप्फुसात मावत नाहीत. टीबीला एकाच वेळी चार औषधं देण्यामागचं सगळं गणित हे एवढंच आहे.

हे कळायला किंमत मोजावी लागली. स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली प्रसिद्ध चाचणी १९४८ मध्ये छापून आली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. मोठा विजय वाटला. पण पुढच्या काही वर्षांत औषध मिळालेल्यांपैकीही अनेक जण गेले, कारण एकट्या स्ट्रेप्टोमायसिननं नेमके त्याला न जुमानणारे जंतू मागे ठेवले होते.

मुंबईत हा धडा किती मुरला? १९९१ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत १०० खासगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं होतं. त्यांनी ८० निरनिराळ्या पद्धतींनी औषधं लिहिली. जवळपास वीस वर्षांनी, २०१० मध्ये, हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी तीच पाहणी पुन्हा केली. १०६ डॉक्टर, ६३ पद्धती, आणि बरोबर लिहिणारे फक्त ६. लगेच पुढे, २०११ च्या अखेरीस, याच गटानं जगाला कळवलं की तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे टीबीचे चार रुग्ण मुंबईत सापडले आहेत. दिल्लीत धावपळ झाली, त्या टीबीला काय नाव द्यायचं यावर खल झाला. माझ्या मते नावापेक्षा त्या ६३ पद्धतींवर खल व्हायला हवा होता.

उसनवारी

टीबीचा जंतू एकलकोंडा. बाकीचे बरेच जिवाणू मात्र एकमेकांकडून जनुकं उसनी घेतात, आणि परतफेडीची भानगड नाही. मुख्य डीएनएखेरीज त्यांच्याकडे डीएनएची लहान सुटी कडी असते. तिला प्लास्मिड म्हणतात. एक जिवाणू दुसऱ्याला नळीसारख्या धाग्यानं जवळ ओढतो आणि प्लास्मिडची एक प्रत त्याला देतो. दोघं एका जातीचे असायलाच हवेत असं नाही.

हे प्रथम लक्षात आलं जपानमध्ये. १९५५ च्या सुमारास तिथं आमांशाचे असे जंतू मिळू लागले, की त्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधं एकदम निकामी. टीबीच्या हिशेबानं चार चुका एकदम होणं अशक्यच. मग दिसलं की त्याच रुग्णांच्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना दाद देत नाही. १९५९ मध्ये दोन्ही जंतू एकत्र वाढवून पाहिले, तर प्रतिकारांचं सगळं गाठोडं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं.

असंच एक गाठोडं आपल्या राजधानीच्या नावानं ओळखलं जातं. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या शरीरात २००८ मध्ये एक जंतू मिळाला. कार्बापेनेम ही तोवरची राखीव औषधंसुद्धा तो फोडत होता. त्या विकराच्या नावात 'न्यू दिल्ली' आलं, एनडीएम-१, आणि इथं संतापाची लाट उसळली. राग नावाचा होता. २०११ मध्ये छापून आलेल्या दिल्लीतल्या पाहणीत ते जनुक साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत निघालं, त्याचा राग फारसा कोणाला आला नाही. प्रतिकाराचा प्रश्न डॉक्टरच्या पेनाइतकाच गटाराच्या पाइपाचाही आहे, आणि कोंबडीच्या खुराड्याचाही. वजन वाढावं म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन मिसळलं जायचं, जे अतिदक्षता विभागात शेवटच्या उपायांपैकी एक आहे. त्यावर भारतात जुलै २०१९ मध्ये बंदी आली.

चौकट: जंतूंच्या चार युक्त्या
औषध फोडणं: पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांचे विकरांनी तुकडे करणं. एनडीएम-१ याच प्रकारातलं.
जागा बदलणं: औषध जिथं बसतं त्या भागाची घडण पालटणं. एरिथ्रोमायसिनला न जुमानणारे अनेक जंतू हेच करतात.
बाहेर फेकणं: आत आलेलं औषध आवरणातल्या पंपांनी परत बाहेर टाकणं. एकच पंप कधीकधी अनेक जातींची औषधं फेकतो.
दार लावणं: औषध ज्या बारीक छिद्रांतून आत येतं ती कमी किंवा अरुंद करणं.
एकाच जंतूत या चारही असू शकतात.

मग कोर्स पूर्ण करायचा की नाही?

"बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा" हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. टीबीत ते शब्दशः खरं आहे. सहा महिने म्हणजे सहा महिने. पण २०१७ मध्ये काही ब्रिटिश तज्ज्ञांनी दाखवून दिलं की अनेक साध्या संसर्गांच्या बाबतीत या सल्ल्याला फारसा आधार नाही, आणि कमी दिवसांचे उपचारही तेवढेच पुरतात.

यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. गोळी घसा ओळखत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते, आतड्यातही पोहोचते. तिथं अब्जावधी निरुपद्रवी जिवाणू सुखानं नांदत असतात. घशातला जंतू दुसऱ्याच दिवशी मेला तरी पुढचे सगळे दिवस या आतड्यातल्या मंडळींची निवड चालूच राहते: औषधाला मरणारे जातात, तगणारे वाढतात आणि प्लास्मिड जपून ठेवतात. पुढे कधी रोगजंतू आला तर गाठोडं त्याला घरातच मिळतं. म्हणून नको असताना घेतलेली प्रत्येक गोळी, आणि गरजेपेक्षा लांबलेला प्रत्येक दिवस, जमेला धरावा लागतो. याचा अर्थ आपल्या मनानं गोळ्या थांबवाव्यात असा नाही. किती दिवस घ्यायच्या, आणि एवढेच का, हे डॉक्टरांना विचारावं.

बऱ्याच अँटिबायोटिकच्या पट्टीवर कडेला लाल उभी रेघ असते, ती पाहिली असेल. चिठ्ठीशिवाय विकू नये अशी ती खूण. १ मार्च २०१४ पासून यांतल्या काही औषधांसाठी दुकानदारानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे. ती वही शेवटची कधी उघडलेली पाहिलीत?

नवं औषध अडतं कुठं?

दोन ठिकाणी अडतं. पहिलं प्रयोगशाळेत. १९६० नंतर मातीच्या पुड्यांतून तेच ते पुन्हा सापडू लागलं; हजारो नमुन्यांतून शेवटी निघायचं ते स्ट्रेप्टोमायसिनच. मग जनुकविज्ञान आलं आणि वाटलं, आता जिवाणूतल्या मोक्याच्या जागा यादीच करून गाठू. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीनं १९९५ ते २००१ या काळात अशा ७० मोहिमा चालवल्या. पुढं न्यावेत असे पदार्थ मिळाले ५. परीक्षानळीत विकर अडवणं सोपं, पण जिवाणूच्या आत शिरणं महाकठीण. त्यातही ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्यासारख्यांना दुहेरी आवरण असतं आणि वर ते पंप.

मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, ही दुसरी अडचण. बॉस्टनच्या किम लुईस आणि स्लाव्हा एपस्टाइन यांनी ती उलट बाजूनं सोडवली. बारीक छिद्रांच्या पट्टीत एकेक जिवाणू कोंडायचा आणि पट्टीच परत मातीत पुरायची. २०१५ मध्ये जाहीर झालेलं टेक्सोबॅक्टिन असंच मिळालं. हा मार्ग मला सर्वांत आश्वासक वाटतो, कारण चिमूटभर मातीतला आपण चाळलेला भाग अजून नगण्य आहे.

अडण्याचं दुसरं ठिकाण कंपनीच्या हिशेबवहीत आहे. रक्तदाबाची गोळी माणूस तीस वर्षं घेतो, अँटिबायोटिक सात दिवस. वर नवं आणि जालीम अँटिबायोटिक आलं की शहाणा डॉक्टर ते कपाटात ठेवतो, अगदी अडल्यावेळीच काढतो. औषध जितकं मोलाचं, तितका खप कमी! अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीचं प्लॅझोमायसिन जून २०१८ मध्ये मंजूर झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. औषध नंतर मुंबईच्या सिप्लाच्या अमेरिकी शाखेनं घेतलं. यावर ब्रिटननं २०२२ मध्ये एक तोड काढली. दोन राखीव अँटिबायोटिक्ससाठी कंपन्यांना वर्षाला प्रत्येकी १ कोटी पौंडांपर्यंत ठरीव रक्कम द्यायची, मग रुग्ण दहा असोत की हजार. खप वाढवण्याची गरजच उरत नाही.

आपल्याकडे वोखार्ट कंपनीनं छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत बराच काळ चिकाटीनं हे काम केलं आहे. न्यूमोनियावरचं त्यांचं नॅफिथ्रोमायसिन, दिवसातून एकदा असं तीन दिवस घ्यायचं, नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. त्यात सरकारी मदतीचाही वाटा होता.

टीबीची कथा याहून वेगळी. बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. टीबीसाठी अगदी नव्या जातीचं औषध यायला चाळीसेक वर्षं लागली होती. त्याआधी प्रतिकारक टीबीवर कानामायसिनची इंजेक्शनं देत आणि त्यांनी अनेकांची श्रवणशक्ती जायची. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची तशीच गेली. बेडाक्विलिनच्या एका रूपावर जॉन्सन अँड जॉन्सनला भारतात आणखी चार वर्षं एकाधिकार हवा होता. त्याला नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. दुसरं औषध, प्रेटोमॅनिड, टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेनं पूर्णत्वाला नेलं. या दोन्हींच्या जोडीला लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन देऊन प्रतिकारक टीबीवर सहा महिन्यांचे, इंजेक्शनविना उपचार भारतानं २०२४ मध्ये स्वीकारले. पूर्वी यालाच वीस महिन्यांपर्यंत लागत.

बेडाक्विलिन आणि प्रेटोमॅनिड टीबीच्या जंतूसाठी राखून ठेवलेली आहेत. चौघांतली उरलेली दोन, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतात. तीन आठवडे हटत नसलेल्या खोकल्याला, थुंकी न तपासताच, कोणीतरी पाच दिवस मॉक्सिफ्लॉक्सासिन लिहून देतं. तो खोकला टीबीचा असेल तर थोडा दबतो, तपासणी महिनाभर लांबते, आणि फुप्फुसातल्या त्या दहा कोटींना मधल्या काळात एकटंदुकटं एकच औषध भेटून जातं.